शस्त्रक्रियेनंतरची प्रतिजैविके : किती आणि कोठवर?



चेन्नई शहरात अण्णा नगर नावाची मोठी वसाहत आहे. सी. एन. अण्णादुरै यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत १९६८ साली जागतिक व्यापार मेळा भरला होता. आज तेथे लहानमोठी अनेक रुग्णालये आहेत. चाकरीनिमित्त चेन्नईत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातील वडीलधाऱ्या गृहस्थांच्या आतड्यावर अशाच एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, असे आपण समजू. चौथ्या दिवशी त्यांना शिरेतून तीन निरनिराळी प्रतिजैविके दिली जात आहेत. मुलांना समाधान वाटते, की औषधात काही कमी पडू दिलेले नाही. हे समाधान कितपत रास्त आहे, याचाच आज विचार करावयाचा आहे.

ही तीन औषधे एकत्र आली कशी? शस्त्रक्रियेपूर्वी जखमेत जंतू वाढू नयेत म्हणून सेफाझोलिन आणि मेट्रोनिडॅझोल दिले गेले. ते योग्यच होते. मात्र छेद घेण्याच्या सुमारास ते रक्तात पोहोचलेले असणे, हेच त्याचे खरे कार्य. शस्त्रक्रिया आटोपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून प्रतिजैविक पुढे चालवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे. तरीही, 'टाके सुकेपर्यंत असू द्या' या विचाराने मेट्रोनिडॅझोल चालू राहिले. तिसऱ्या दिवशी ताप आला, तेव्हा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू झाले. ताप उतरेना, म्हणून व्हँकोमायसिनची भर पडली. प्रत्येक औषध सुरू करताना कोणीतरी विचार केला होता; बंद करण्याचा विचार मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही.

आता या तिघांचे परस्परांशी नाते पाहू. मेट्रोनिडॅझोल हे प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंना मारते. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमही तेच काम उत्तम प्रकारे करते. म्हणजे एका कामाला दोन गडी लावले, आणि मजुरी मात्र रुग्णाच्या शरीराने द्यावयाची. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि व्हँकोमायसिन एकत्र दिल्यास मूत्रपिंडाला इजा झाल्याची लक्षणे अधिक प्रमाणात दिसतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. शिवाय आतड्यातील उपकारक जंतू नष्ट झाले, की एरवी दबून राहिलेले उपद्रवी जंतू माजतात आणि तीव्र अतिसार जडतो. अति तेथे माती, ही म्हण औषधालाही लागू आहे.

याचा अर्थ दोन प्रतिजैविके एकत्र कधीच देऊ नयेत, असा नव्हे. जंतुदोष रक्तात पसरून रुग्ण अत्यवस्थ असेल, तर जंतूची ओळख पटेपर्यंत थांबता येत नाही. तेथे आरंभी व्यापक मारा करावाच लागतो. परंतु शक्य तेथे औषधापूर्वीच रक्ताचा वा पुवाचा नमुना घ्यावा, दोनतीन दिवसांत परीक्षेचा निष्कर्ष हाती आला की सर्व औषधांचा फेरविचार करावा, आणि अनावश्यक ते थांबवावे, ही त्यातील शिस्त आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एकदोन दिवसांतील ताप पुष्कळदा जंतूंमुळे नसतो. शरीराला झालेल्या आघाताचीच ती प्रतिक्रिया असते. आणि आत पू साठला असेल, तर तो बाहेर काढल्यावाचून कितीही औषधे दिली तरी ताप हटत नाही.

हा प्रश्न एका रुग्णापुरता नाही. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच औषधाच्या अयोग्य वापराने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, तेव्हा पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे ही तळमळ होती. पुढे औषध आवाक्यात आले, पण विवेक मागे राहिला. २०१० साली मद्रास विद्यापीठातील कार्तिकेयन कुमारसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, हरियाणा व ब्रिटन येथील जे जंतू वर्णिले, ते कार्बापेनेम वर्गातील राखीव औषधांनाही दाद देत नव्हते. त्यानंतर, ऑगस्ट २०१२ मध्ये, देशातील वैद्यकीय संघटना चेन्नईतच जमल्या आणि प्रतिजैविकांच्या संयमित वापराची दिशा आखणारा 'चेन्नई जाहीरनामा' सिद्ध झाला.

जाहीरनाम्याचे पालन अखेर खाटेशेजारीच व्हावयाचे असते. डॉक्टर पाहणीस येतील तेव्हा आप्तांनी नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात : हे औषध कशासाठी आहे? जंतुपरीक्षेत काय निघाले? आणि हे केव्हा थांबावयाचे? आपल्या मताने मात्र एकही मात्रा चुकवू नये. औषध थांबविण्याचा निर्णयही वैद्यकानेच घ्यावयाचा आहे. घरी परतताना मिळालेली औषधांची चिठ्ठी पुढच्या आजारात पुन्हा वापरू नये. ज्याच्या आरंभाबरोबर अखेरचा दिवसही लिहिला जातो, ते औषध रुग्णाच्या उपयोगी पडते आणि त्याच्या मागून त्याच खाटेवर येणाऱ्या रुग्णासाठीही शिल्लक उरते.