जमीन कुणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या वार्षिक शिबिरात केलेलं भाषण)

‘शाश्वत जीवनशैली आणि तरुण पिढी’ असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आहे. त्यावर व्याख्यान देण्याइतका माझा अभ्यास नाही. मी समाजकार्याची पदवी घेऊन बारा-तेरा वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य बघते. डिसेंबर २०२३मध्ये अशाच अठरा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही अभ्याससहलीला गेलो होतो. चौदा मुली, चार मुलगे. तिथं जे घडलं तेवढंच सांगते.

पुण्याहून सोलापूर, उमरगा असं करत हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तेलंगणात शिरताच झहीराबाद लागतं. पूर्वी हा भाग मेदक जिल्ह्यात होता, २०१६पासून संगारेड्डी जिल्ह्यात आहे. जवळच पस्तापूर हे गाव आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३पासून काम करते. तिचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश मार्च २०२३मध्ये वारले. पण संस्थेचा खरा कणा म्हणजे गावोगावचे बायकांचे संघ. बहुतेक जणी दलित, कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या. त्यांनी चालवलेला रेडिओ २००८पासून वाजतो आहे. संस्थेला २०१९ साली संयुक्त राष्ट्रांचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं.

आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढं उष्ण कटिबंध म्हणजे हिरवंगार जंगल, धबधबे, बांबूच्या झोपड्या. इथं बघावं तर लाल मुरमाड माळ आणि ऊन. एक जण कुजबुजला, “ताई, हे तर आपल्या मराठवाड्यासारखंच आहे.” मी म्हटलं, “अरे, उष्ण कटिबंधातली कितीतरी माणसं अशाच जमिनीवर जगतात.”

निघण्यापूर्वी मी मुलांना एक काम दिलं होतं. शाश्वत जगणं म्हणजे काय, ते दहा मुद्द्यांत लिहा. कापडी पिशवी, स्टीलची बाटली, बांबूचा टूथब्रश, सौर दिवा, प्लॅस्टिक नको, एसी नको, अशा याद्या झाल्या. मीही लिहिली होती. पहिल्या संध्याकाळी संघाच्या दहा-बारा जणी भेटायला आल्या, तेव्हा मुलांनी मोठ्या हौसेनं त्या वाचून दाखवल्या. संस्थेची एक कार्यकर्ती हिंदीचं तेलुगू करून सांगत होती. बायका शांतपणे ऐकत होत्या. वाचन संपल्यावर साठीच्या पुढच्या एका अक्कानं विचारलं, “हे सगळं चांगलंच आहे. पण तुमच्या घरची जमीन कुणाच्या नावावर आहे?”

मुलं गोंधळली. अक्का म्हणाली, एकेकानं सांगा. वडिलांच्या, आजोबांच्या, काकांच्या. काहींकडं जमीनच नव्हती. मग घर कुणाच्या नावावर? पुन्हा वडिलांच्या. अठरा जणांत एकीच्याच आईच्या नावावर घर होतं, तेही त्या नोकरी करत होत्या आणि कर्ज त्यांच्या नावानं काढलं होतं म्हणून. २०१५-१६च्या कृषी जनगणनेप्रमाणं देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत बायका सुमारे चौदा टक्के आहेत. हा आकडा मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल. त्या संध्याकाळी तो आमच्यासमोर बसला होता.

शेवटी अक्का माझ्याकडं वळली. “आणि तुझं?”

मैत्रिणींनो, इथं मला एक कबुली द्यायची आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ साली तो देशभर मिळाला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. हे मी वस्तीत दर महिन्याला सांगते. आणि वडील गेल्यावर २०१६ साली, आमच्या गावच्या पाच एकरांच्या हक्कसोडपत्रावर मी स्वतः सही केली. कुणी धमकावलं नाही. दादा एवढंच म्हणाला, “तुझं माहेर कुठं जातंय का?” माहेर टिकावं म्हणून मी सही केली. हे मी आजवर कुठल्याच शिबिरात सांगितलं नव्हतं. त्या रात्री माझ्या विद्यार्थ्यांसमोर सांगावं लागलं.

अक्का रागावली नाही. ती म्हणाली, “आम्हीही अंगठे दिलेत. म्हणून तर संघ केला.”

दुसऱ्या दिवशी शेतं पाहिली. एकेका शेतात वीस-वीस प्रकारची पिकं. ज्वारीत तूर, शेजारी हरभरा, जवस, करडई. एक पीक गेलं तर दुसरं हात देतं. आमच्या एका मुलीनं मदत म्हणून बांधाजवळचं तण उपटून फेकलं, तर एक बाई धावत आली आणि ते ओटीत भरून घेतलं. तो रानातला चाकवत होता, रात्रीची भाजी! बियाणं टोपल्यांत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून, वरून मातीनं लिंपून ठेवलेलं. कुणाला लागलं तर द्यायचं आणि सुगीनंतर दीडपट-दुप्पट परत घ्यायचं. बियाणं बाईच्या हातात, म्हणून काय पेरायचं हेही तीच ठरवते. दुकानातून पाकीट आलं की ठरवणारा बदलतो.

१९९०च्या दशकाच्या मध्याला या संघांनी स्वतःचं रेशन उभं केलं, तेही ऐकलं. पडीक जमीन पिकाखाली आणायला कर्ज द्यायचं, फेड ज्वारीच्या रूपात घ्यायची, ती गावातच साठवायची आणि टंचाईच्या दिवसांत गरिबांना स्वस्तात द्यायची. गावात गरीब कोण, हेही बायकांनीच ठरवलं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक करीन. तिसऱ्या सकाळी एका अंगणात उखळात राळे कांडणं चाललं होतं. मुलं फोटो काढू लागली. “किती सुंदर लय आहे!” असंही कुणी म्हणालं. त्या बाईनं मुसळ सरळ त्याच्या हातात दिलं. पाच मिनिटांत तो घामाघूम. मग मी पाळी लावली, मुलग्यांना आधी. पाव तासात तळहातांना फोड आले, आणि धान्य एका घराच्या एका जेवणापुरतंही झालं नव्हतं.

ज्वारीचं बरं, ती थेट दळता येते. राळे, सावे यांचं टरफल काढल्याशिवाय खाता येत नाही. आंध्रात १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारनं दोन रुपये किलोनं तांदूळ दिला, तेव्हा भरडधान्यं ताटातून मागं पडली, असं आपण हळहळून म्हणतो. तीच बाई हसून म्हणाली, “तांदूळ आला तेव्हा माझ्या हातांना बरं वाटलं होतं.” तिला राळे हवेत, पण कांडायचं यंत्रही हवंय. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. शहरातल्या दुकानांत राळे, सावे यांची देखणी पाकिटं आली. ती कांडणारे हात कुणाचे, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

म्हणून मला म्हणायचंय की बाईच्या फुकट कष्टांवर उभं असलेलं जगणं शाश्वत म्हणता येणार नाही. निसर्ग वाचला आणि बाई झिजली, हा कसला हिशेब? चूल, पाणी, कांडण यांचा भार यंत्रानं आणि पुरुषांनी वाटून घेतला तरच हे जगणं टिकेल.

परतीच्या बसमध्ये मुलांनी याद्या पुन्हा लिहिल्या. कापडी पिशवी राहिली, पण वर तीन प्रश्न आले. जमीन कुणाची? निर्णय कुणाचा? कष्ट कुणाचे? चौघी मुलींनी घरी जाऊन सातबारा मागून पाहिला. एकीला तो अजून दाखवलेला नाही.

आणि माझं? नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहज परत फिरत नाही, हे वकील मैत्रिणीनं सांगितलं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्या पाच एकरांत रोज राबते ती माझी वहिनी. तिचं नावही सातबाऱ्यावर नाही. १९८६च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, हजारो शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय सरकारनंही केली. हे सगळं मला पाठ होतं, पण वहिनीला कधी सांगितलं नव्हतं. संक्रांतीला गेले तेव्हा सांगितलं, दादाच्या देखत. दादा गप्प बसला. वहिनी म्हणाली, “माझ्या नावाला काय करायचंय?” आणि रात्री भांडी घासताना हळूच विचारलं, “अर्ज कुठं मिळतो, वन्सं?”

अर्ज मी आणून दिला. त्यावर दादाची सही व्हायला दोन दिवाळ्या गेल्या. आता तो तलाठ्याकडं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वर्षी मुलींना सहलीला जरूर न्या, झाडं दाखवा, बियाणं दाखवा. पण निघण्यापूर्वी प्रत्येकीला आपल्या घरचा सातबारा बघून यायला सांगा. आणि आपणही बघून जाऊ या.