पहिली फिट कुणी पाहिली?



मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली की घर हादरून जातं. कुणी कांदा हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. कांद्याने फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. चमच्याने मात्र दात मोडतात. रुग्णाला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटं उलटूनही थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर जिवावरचा प्रसंग समजून लगेच 108 ला फोन करा. पहिलीच फिट असेल तर ती थांबली तरी रुग्णालयात जायलाच हवं.

कॅज्युअल्टीत आधी बोटाला टोचून साखर पाहतात. मग रक्तातलं सोडियम, ईसीजी, बहुतेक वेळा मेंदूचा सीटी स्कॅन. बाई गरोदर किंवा नुकती बाळंतीण असेल तर ते आधी सांगा. त्या काळात रक्तदाब वाढून आलेल्या फिटवर मॅग्नेशियम सल्फेट हे वेगळं औषध द्यावं लागतं.

पण ती खरोखर फिटच होती का, हे यातली एकही तपासणी खात्रीने सांगत नाही. चक्कर येऊन कोसळलेल्या माणसाचेही हातपाय क्षणभर झटकतात, आणि तिथे दोष कधी हृदयाचा असतो. डोळ्यांपुढे अंधारी आली, पडल्यावर लगेच भान आलं, तर ती बहुधा चक्कर. जिभेची कड चावली गेली, नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला राहिला, तर फिट. झटके एकाच हातापासून सुरू झाले का? मान कुठे वळली? हे पाहणाऱ्यालाच ठाऊक.

कारणंही घरच्यांच्याच तोंडून कळतात. रोजची दारू अचानक सुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलनेही येते. आपल्याकडे मेंदूतली टीबीची गाठ आणि पट्टकृमीच्या अळीची गाठ विसरून चालत नाही. कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतूनही पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणूसही सुटत नाही.

एक फिट म्हणजे अपस्मार नव्हे. तात्पुरतं कारण सापडून दूर झालं तर कायमच्या गोळ्या बहुधा लागत नाहीत. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासेपर्यंत मात्र गाडी चालवू नका, विहिरीत पोहू नका.

माझी कळकळीची विनंती एवढीच: घाईत पैशांची सोय पाहणारा रुग्णाबरोबर येतो आणि फिट पाहणारी आजी किंवा शेजारी घरीच राहतात. त्यांना सोबत आणा. चालू औषधांची पाकिटं पिशवीत घाला आणि कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर ते डॉक्टरांना जरूर दाखवा.