मानवतच्या मुली आणि एक प्रश्न

मानवतच्या हत्याकांडावरील मालिका २०२४ साली घरोघर पाहिली गेली. त्यानंतर आमच्या नार्नूरच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, “सर, त्या मुलींना मारायला सांगितलं कोणी?” त्या दिवशी तास संपला आणि उत्तर राहून गेले. ते आज देऊ पाहतो.

मानवत हे परभणी जिल्ह्यातील गाव आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत परभणी आणि आपला आदिलाबाद जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. १९७२ च्या नोव्हेंबरात मराठवाडा दुष्काळाने होरपळत असता तेथे हत्यांचे सत्र सुरू झाले, ते १९७४ च्या जानेवारीपर्यंत चालले. दहा जीव गेले. त्यांत पाच मुली दहा वर्षांच्या आसपासच्या होत्या, एक तर वर्षाचे तान्हे मूल होते. उरलेल्या चार स्त्रिया. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाचारण करण्यात आले.

फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की, गुप्तधन हाती लागावे आणि मूल व्हावे या हव्यासापोटी, पिंपळावरील मुंजाला संतुष्ट करण्यासाठी कुमारिकांचे रक्त सांडले गेले. सत्र न्यायालयाने हे मानले. मात्र ज्यांच्या सांगण्यावरून हे घडले असा आरोप होता, ते उच्च न्यायालयात सुटले आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. हत्येत प्रत्यक्ष हात असल्याचे ज्यांच्याबाबत सिद्ध झाले, त्यांची दोषसिद्धी मात्र टिकली.

पुष्कळांना यात न्यायालयाचा ढिलेपणा दिसतो. मला तसे वाटत नाही. माफीचा साक्षीदार हा स्वतःच गुन्ह्यातील भागीदार; त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार असावा, असा आपल्या न्यायालयांचा जुना दंडक आहे. तो आधार मुख्य आरोपींविरुद्ध मिळाला नाही. शिवाय कबुलीजबाब घेताना दंडाधिकाऱ्यांनी कायद्याने नेमून दिलेली दक्षता नीट पाळली नव्हती. आरोपी स्वखुशीने बोलत आहे की नाही, हे विचारून तसे लिहून ठेवावयाचे असते. कोणी म्हणेल, चार ओळींची ही औपचारिकता! पण दहा बळींच्या खटल्यात त्या चार ओळींना केवढे मोल असते! माझ्या मते चूक तेथे झाली, निकालात नव्हे.

गावाला तर्क पुरतो, न्यायालयाला पुरत नाही. गावाने ज्यांना दोषी म्हटले त्यांना उद्या फाशी द्यावयाची ठरली, तर कोणाचे घर सुरक्षित राहील?

गुप्तधनाच्या गोष्टी आपल्याकडेही निघतात. पडक्या वाड्याकडे बोट दाखवून वडीलधारी माणसे हंड्याच्या कथा सांगतात आणि आम्ही हसून ऐकतो. महाराष्ट्रात नरबळीविरोधी कायदा झाला तो २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. मानवतच्या मुलींना जाऊन तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, “कोणी सांगितले, ते न्यायालयात सिद्ध झाले नाही.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग त्यांच्या आईला काय सांगितलं असेल?”