राजगौरवाच्या वास्तू आणि प्रजेचे सभागृह



नांदेड-लातूर भागातील मतदाराने आपला प्रतिनिधी आजवर कोणकोणत्या सभागृहांत पाठविला, हे पाहिले तर एक विलक्षण योगायोग दिसतो. १९८१ पूर्वी हा प्रतिनिधी राजधानीतील ज्या दोन वास्तूंत बसला, त्यांपैकी एकही लोकशाहीसाठी बांधलेली नव्हती. दोन्ही राजघराण्यांच्या गौरवार्थ उभारलेल्या होत्या.

पहिली वास्तू म्हणजे हैदराबादचा टाऊन हॉल. सहावा निझाम मीर महबूब अली खान याच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त १९०५ मध्ये ती बांधण्याचे नागरिकांनी ठरविले; १९१३ मध्ये ती पूर्ण झाली. सार्वजनिक उद्यानालगतच्या या शुभ्र इमारतीचे घुमट, छत्र्या व कमानी मोगल-राजस्थानी वळणाच्या आहेत. इमारत प्रजेच्या नावाने उभी राहिली. प्रजेला मत मात्र नव्हते.

ते मत १९५२ मध्ये मिळाले. त्यामागे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा त्याग आणि १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या प्रजेने आपले प्रतिनिधी प्रौढ मताधिकाराने याच वास्तूत पाठविले. कुळाचे मत आणि जहागीरदाराचे मत प्रथमच सारख्या मोलाचे ठरले. उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांचे हे सभागृह होते; अध्यक्षपदी काशीनाथराव वैद्य होते. १९५० चा कूळ कायदा निवडणुकीपूर्वीच झाला होता. त्यात १९५४ मध्ये दुरुस्त्या झाल्या त्या मात्र या निर्वाचित सभागृहात. वाढदिवसाच्या वास्तूत जमिनीचा प्रश्न शिरला, हीच खरी क्रांती होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. नांदेडहून हैदराबादच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर असलेली मुंबई राजधानी झाली. तेथील कौन्सिल हॉल हे मूळचे खलाशांचे वसतिगृह. इंग्लंडचा राजपुत्र आल्फ्रेड याच्या भेटीच्या स्मरणार्थ, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून ते उभे राहिले; स्थापत्यकार होते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. १९२८ पासून तेथे विधिमंडळ भरू लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना झाल्यावरही राज्याचे कायदे मुंबईत तेथेच होत राहिले. नरिमन पॉईंटवरील विधान भवनाचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. लोकप्रतिनिधींसाठीच बांधलेली वास्तू राजधानीत तेव्हा कोठे मिळाली.

नव्या वास्तूने मराठवाड्याला काय दिले? पदांचा दुष्काळ निश्चितच नव्हता. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण हे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनीच दिले. तरीही अनुशेष हा शब्द मराठवाड्याच्या वाट्यास आला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये त्याचे मोजमाप मांडले. घटनेच्या ३७१ (२) कलमान्वये १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. याचा अर्थ स्पष्ट आहे. खुर्चीवर आपल्या जिल्ह्याचा माणूस बसणे ही एक गोष्ट. सिंचन, रस्ते व शिक्षण यांवरील खर्चाचा हिशेब सभागृहाने दरवर्षी प्रदेशवार तपासणे ही दुसरी. पहिली प्रतिष्ठा देते, दुसरी पाणी देते.

नागपूरचा दाखला लक्षात घेण्याजोगा आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन मिळाले. तथापि अधिवेशन जवळ आले म्हणून विदर्भातील शेतकऱ्याची आत्महत्या थांबली नाही. म्हणून मराठवाड्यात आणखी एक विधान भवन बांधा, ही मागणी पुरेशी ठरणार नाही. जनतेचा डोळा सभागृहावर नसेल, तर वास्तू कोठेही असो, ती दरबारच राहते.

कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. आपल्या आमदाराने कोणते प्रश्न विचारले, अर्थसंकल्पातील किती रक्कम आपल्या तालुक्यात प्रत्यक्ष खर्च झाली, याचे वाचन ग्रामसभेत झाले पाहिजे. हैदराबादच्या त्या शुभ्र वास्तूचा दरबार १९५२ मध्ये प्रजेने मोडला. दगड तेच होते, बदलली होती ती माणसे. मुंबईच्या वास्तूलाही हाच न्याय लागू आहे.