फारकत नात्याची होते, कर्जाची होत नाही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण तासन् तास बोलतो. आजचा विषय मात्र बैठकीत कुणी काढत नाही. घरातली गोष्ट चावडीवर नको, म्हणून ती झाकून ठेवली जाते. नवरा-बायको वेगळे झाले, तर दोघांच्या सहीचं कर्ज कुणी फेडायचं? चोपड्यापासून शिंदखेड्यापर्यंत हिंडताना हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. लेक माहेरी येऊन दोन वर्षं झालेली असतात, आणि सासरच्या सोसायटीची नोटीस तिच्या नावाने बापाच्या दारात येते. बाप विचारतो, "जमीन त्यांची, पीक त्यांचं, मग नोटीस आमच्या पोरीला कशी?"

उत्तर कडू आहे, पण समजून घेऊ. फारकतीने नातं तुटतं, सही तुटत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून कर्ज घेतलं असेल, तर देणेकरी कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. अर्धं त्याचं, अर्धं तिचं, हा हिशेब त्या दोघांतला. बँकेला तो बांधत नाही.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या. कागदावर तुम्ही सहकर्जदार आहात की जामीनदार? समजा, कर्ज १,६०,००० रुपयांचं आहे आणि ते सगळं बाईने फेडलं. ती सहकर्जदार असेल, तर करारात वेगळं काही ठरलं नसल्यास नवऱ्याकडून निम्मे, म्हणजे ८०,००० रुपये मागता येतात. ती फक्त जामीनदार असेल, तर कलम १४५ प्रमाणे पूर्ण १,६०,००० रुपये मागता येतात. दोन्हीला मुदत आहे. पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लागला पाहिजे. म्हणून भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आपल्या नावाने घ्या. पावती दिराच्या खिशात राहिली, तर पैसे कुणी भरले हे सिद्ध करता येत नाही. हाच नियम पुरुषालाही आहे. बायकोच्या कर्जाला जामीन राहिलेल्या नवऱ्याच्याही दारात वसुली येते.

आता पंचांच्या कागदाकडे वळू. स्टॅम्पवर लिहितात, "कर्जाची सर्व जबाबदारी नवऱ्याकडे." लिहिणारे चांगल्या मनाने लिहितात. पण त्या कागदावर सोसायटीची सही नसते, म्हणून सोसायटी तो मानत नाही. कोर्टाच्या तडजोडीचंही तेच. बँक त्यात पक्षकार नसेल, तर तिचा हक्क कायम राहतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, तेव्हा त्यात जामीनदाराचंही नाव येतं. मग कागद निरुपयोगी का? नाही. बाईला पैसे भरावे लागले, तर ते परत मिळवायला हाच कागद आधार होतो. म्हणून तडजोडीत प्रत्येक कर्ज, खाते क्रमांक, शिल्लक रक्कम आणि कुणी कधीपर्यंत फेडायचं हे लिहा. "सर्व देणंघेणं मिटलं" एवढ्या एका ओळीवर भागवू नका.

बँकेचा रस्ता वेगळा आहे. मार्चअखेर आपण कर्ज नवं-जुनं करतो. ३१ मार्चच्या गर्दीत सचिव रजिस्टर पुढे करतो आणि सही होऊन जाते. वेगळं होण्याची वेळ आली असेल, तर हीच घडी साधायची. त्याआधी सोसायटीला आणि जिल्हा बँकेच्या शाखेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात मागणी करा की शिल्लक किती ते लेखी द्यावं, नवीन जामीनदार घेऊन आमचं नाव कमी करावं, किंवा हिश्श्याप्रमाणे खातं वेगळं करावं. चालू राहणाऱ्या जामिनासाठी कलम १३० आहे. नोटीस दिल्यावर पुढच्या उचलीपुरती जबाबदारी थांबवता येते. मागची उचल मात्र राहते. वाटणीत तिच्या वाट्याला जमीन आली, तर इतर हक्कातला बोजाही सोबत येतो. म्हणून आधी सातबारा काढा, मग सही करा.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक अन्याय आहे. निंदणी तिची, कापसाची वेचणी तिची, दादरची कणसं खुडणं तिचं. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव नाही, आणि जामिनाच्या कागदावर तिचा अंगठा आहे. मालमत्तेत ती परकी आणि कर्जात घरची! ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी बाया लाखाने जमल्या त्या उगाच नाही. पुढे लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. आपल्या जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढे होतं. १९९२ साली सरकारनेही बायकोचं नाव सहखातेदार म्हणून लावण्याचा निर्णय काढला. कर्जाला दोघांची सही मागता, तर जमिनीलाही दोघांची नावं लावा, एवढं साधं हे गणित आहे.

सरकारी माफीतही ही गोष्ट अडते. २०१७ च्या कर्जमाफीत सुरुवातीला पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुलं मिळून एक कुटुंब धरलं आणि दीड लाखाची मर्यादा त्या कुटुंबाला लावली. कागदावर नवरा-बायको, पण चुली दोन. मग माफी कुणाच्या खात्यात? २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला. यापुढे माफीचा जो निर्णय येईल, त्यात व्यक्तीच धरली पाहिजे. टाकलेल्या बाईचा त्यात वेगळा उल्लेख हवा.

बचत गट आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज उलट्या बाजूचं असतं. सही बाईची, खर्च बहुधा घराचा. फारकतीनंतर हप्ता तिच्याच गळ्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी या कर्जाला तारण घेता येत नाही, आणि सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. एवढं प्रत्येक गटात मोठ्याने वाचून दाखवा. दागिने गहाण टाकून नवऱ्याचं कर्ज भरलं असेल, तर ते स्त्रीधन आहे. गहाणाची पावती जपा आणि तडजोडीत ती रक्कम मागा.

वकिलाला पैसे नाहीत, असं म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

तेव्हा या बैठकीपुढे तीन कामं ठेवतो. प्रत्येक गावात दोन कार्यकर्त्यांनी, त्यात एक बाई हवी, मार्चच्या आत अशा खात्यांची यादी करावी. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मांडावा की विभक्त झालेल्या सभासदाचा खातं वेगळं करण्याचा किंवा जामीन बदलण्याचा अर्ज मुदतीत निकाली काढावा आणि नकार असेल तर लेखी द्यावा. आणि पंच म्हणून बसणाऱ्यांनी सातबारा व कर्जाचा उतारा समोर असल्याशिवाय फारकतीचा कागद लिहू नये.

पीक बुडालं तर पुढच्या मृगाची वाट बघता येते. पण न वाचता केलेली सही वर्षानुवर्षं मागे लागते. आपल्या लेकीबाळींच्या मागे ती लागू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.