सामर्थ्यवान कोण?



मी काही विचारवंत नाही. बँकेत कारकून आहे, कला शाखेचा पदवीधर आहे आणि दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो. तेव्हा काही उणे-अधिक बोललो तर सांभाळून घ्यावे.

आजचा विषय मला अभ्यासिकेत सापडला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी जगातील सर्वांत सामर्थ्यवान महिलांची नावे क्रमांकाने पाठ करीत होती. मी सहज विचारले, "पोरी, सामर्थ्यवान म्हणजे काय?" ती म्हणाली, "सर, ते परीक्षेत विचारत नाहीत."

ही यादी 'फोर्ब्स' हे अमेरिकन मासिक २००४ सालापासून काढते. पैसा, प्रसिद्धी, प्रभाव आणि तो कोणकोणत्या क्षेत्रांत चालतो, ही त्यांची मापे. जर्मनीच्या चॅन्सेलर अँजेला मर्केल चौदा वेळा पहिल्या आल्या. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षी युरोपियन कमिशनच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन पहिल्या होत्या. २०२४ च्या यादीत आपल्या निर्मला सीतारामन २८ व्या होत्या. परीक्षेपुरते एवढे पुरे.

पण २००४ ची पहिलीच यादी पाहा. तिच्यात सोनिया गांधी तिसऱ्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पंतप्रधानपद नाकारले होते. पक्ष कोणाचा कोणताही असो, (मी सरकारी नियमांना बांधलेला माणूस, त्यात पडत नाही) पण खुर्ची आणि सत्ता या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे त्या यादीवाल्यांनाही मान्य करावे लागले.

आता आपल्या खानदेशाकडे या. जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या लेकीने, प्रतिभाताई पाटील यांनी, २००७ ते २०१२ राष्ट्रपतिपद भूषविले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे, जळगाव आणि रावेर या तिन्ही जागांवर महिला निवडून आल्या. साक्रीतून विधानसभेवर २०१९ ला आणि २०२४ लाही मंजुळाताई गावित निवडून गेल्या. राज्यात १९९० साली स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा मिळाल्या, २०११ पासून त्या ५० टक्के झाल्या. म्हणजे खुर्च्या मिळाल्या, हे नाकारून चालणार नाही. परंतु किती गावांत सरपंच बाईंच्या नावाचा फलक असतो आणि फोन मात्र 'साहेब' उचलतात! ज्या बाया स्वतः कारभार पाहतात त्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यांनी राग मानू नये.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रियांपुढे बाबासाहेब बोलले. त्यांनी खुर्चीची गोष्ट काढली नाही. लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची होऊन राहा, दासी होऊ नका, अशा आशयाचे ते बोलले. पुढे मुलीला आणि विधवेला मालमत्तेत हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, आणि १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. आपल्या पदापेक्षा बाईच्या नावावरची मालमत्ता त्यांना मोठी वाटली.

आता माझी एक चूक सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यांवर जमा होऊ लागले तेव्हा आमच्या काउंटरवर बायांची रीघ लागली. एक बाई नवऱ्यासह आली. पासबुक तिचे, अंगठा तिचा, आणि मी सवयीने नवऱ्याकडे पाहून विचारले, "किती काढायचे?" ती बाई पदर सावरीत म्हणाली, "साहेब, खातं मनं शे. माले इचारा."

रांगेत हशा पिकला. मला हसू आले नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी किती बायांच्या डोक्यावरून त्यांच्या नवऱ्याशी बोललो असेन!

त्या रात्री मला साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडची गोष्ट आठवली. चेतना सिन्हा यांनी तेथे महिलांची सहकारी बँक काढायचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बाया रडत बसल्या नाहीत. दिवसभराचे काम आटोपून त्या अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला जाऊन त्यांनी साहेबांना सांगितले, की कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुम्ही यंत्रावर करा, पाहू कोणाचे आधी होते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २०१८ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सात सहअध्यक्षा होत्या, सर्व महिला. त्यांत नाणेनिधीच्या प्रमुख क्रिस्तीन लागार्द होत्या आणि आमच्या म्हसवडच्या चेतनाताईही होत्या. लागार्दबाईंचे नाव 'फोर्ब्स'च्या यादीत नेहमी असते. व्याज तोंडी सांगणाऱ्या त्या बायांना कितवा क्रमांक द्यावा, हे मला ठरविता येत नाही.

विद्यार्थिनींनी यादी जरूर पाठ करावी, गुण मिळतात. पण आज घरी जाऊन आईला एवढे विचारावे, की तिच्या नावावर काय आहे आणि त्यातले ती कोणाला न विचारता काय करू शकते. माझ्या घरी मी विचारले. पत्नी म्हणाली, "पासबुक आहे, पण ते तुमच्या कपाटात."

पासबुक मी त्याच दिवशी तिच्या हाती दिले. घराच्या उताऱ्यावर तिचे नाव लावण्याचा अर्जही भरून ठेवला आहे. तो अजून माझ्याच खणात आहे, हे तुमच्यापासून लपवीत नाही. सोमवारी देतो.