एकाच घराण्याचे तीन हेडफोन



गाण्यासाठी कान तयार करायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मैफलीत बसणं. पण ज्यांच्या गावात मैफल वर्षातून एखादी, त्यांनी काय करावं? त्यांच्यासाठी आज एक वेगळा मार्ग सांगणार आहे. एकाच कंपनीचे दोन-तीन चांगले हेडफोन घ्यायचे आणि तेच ध्वनिमुद्रण त्यांवर आलटून-पालटून ऐकायचं.

एकाच कंपनीचे कशाला? दोन कंपन्यांचे हेडफोन शेजारी ठेवले, तर रचनेपासून कानावरच्या गादीपर्यंत सगळंच बदलतं. फरक ऐकू येतो, पण तो कशाचा ते समजत नाही. एकाच मालिकेत पुष्कळ काही कायम राहतं. म्हणून जे थोडं बदललं, तेवढंच कान बरोबर टिपतो.

उदाहरणादाखल सेनहायझर घेऊ. फ्रिट्झ सेनहायझर यांनी १९४५ साली जर्मनीत हॅनोव्हरजवळ ही कंपनी काढली. १९६८ साली तिचा एचडी ४१४ आला. स्पंजाच्या गाद्यांचा, मागून उघडा. तोवरचे हेडफोन कानावर घट्ट बसणाऱ्या बंद वाट्यांचे असत. वाटी मागून उघडी केली की आवाज आत कोंडत नाही. गाणं डोक्यात न घुमता समोर, मोकळ्यावर चालल्यासारखं वाटतं. याच वाटेवर पुढे १९९७ साली एचडी ६००, २००३ साली एचडी ६५० आणि २००९ साली एचडी ८०० आला. शिकायला हे तिघे पुरेत.

आता ऐकायचं काय? तानपुरा. आमच्या कोकणातल्या हातखंब्यावरून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता पुढे मिरजेला जातो, आणि मिरज हे तानपुऱ्याचं गाव. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर घोडीचा माथा घासून जवारी काढतो आणि तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवून ती जुळवली जाते, तेव्हा एका तारेतून अनेक स्वर उमलतात. खर्जाची तार छेडल्यावर जरा थांबा. तिच्यातून वर स्वयंभू गंधार येतो. हेडफोनची परीक्षा या गंधारावर घ्यावी.

एचडी ६०० वर तो मला सर्वांत स्वच्छ सापडतो आणि गायकाचा आवाजही नैसर्गिक वाटतो. एचडी ६५० वर खर्ज अधिक भरदार, डग्ग्याचा घुमारा अधिक गोल. मात्र तबल्याच्या चाटेची धार किंचित बोथट होते. एचडी ८०० चं बलस्थान जागा. त्यात ५६ मिलिमीटरचा कडीसारखा पडदा कानासमोर जरा तिरका बसवलेला आहे. दोन तानपुरे डाव्या-उजव्या बाजूंना मुद्रित केले असतील, तर त्यांच्यामधलं अंतर इथे स्पष्ट जाणवतं. पण वरच्या स्वरांचा त्याचा उजेड कधी कधी डोळ्यांवर यावा इतका होतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तीन-साडेतीन मिनिटांची जुनी तबकडी त्यावर लावली, तर गाण्याआधी खरखरच पुढे येते. तिथे ६५० कितीतरी समजूतदार. किंमत वाढली म्हणून प्रत्येक गाणं सुधारतंच असं नाही, ते असं.

तुलना करताना दोन पथ्यं पाळा. पहिलं पथ्य आवाजाच्या पातळीचं. ज्यावर गाणं किंचित मोठं वाजतं, तोच आपल्याला चांगला वाटतो. कानाची ही जुनी फसगत आहे. तिन्हींची पातळी आधी सारखी करून घ्या. तिघेही ३०० ओहमचे, त्यामुळे बऱ्याच मोबाइलवर क्षीण वाजतात. छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडल्याखेरीज निकाल देऊ नका. दुसरं पथ्य गाद्यांचं. दबलेली गादी आणि नवी गादी यांनी एकाच हेडफोनचा स्वर बदलतो. जुना हेडफोन विकत घेताना हे आधी पाहा.

आपल्या भागात आणखी दोन अडचणी. उघडा हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. महामार्गावर ट्रक चढ चढत असला किंवा पत्र्यावर पाऊस कोसळत असला, की तानपुरा बुडालाच. रात्री उशिराची वेळ निवडा. शिवाय पावसाळ्यातली दमट हवा गाद्यांना बुरशी आणते. वापरून झाल्यावर हेडफोन पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. एचडी ६०० आणि ६५० यांच्या गाद्या, वायर, अगदी आतले स्पीकरही बदलता येतात. संग्रह करायला ते योग्य आहेत, ते यासाठीच.

मात्र संग्रह म्हणजे फळीवरची रांग नव्हे. कुठलं गाणं कुठल्या हेडफोनवर लावायचं, हे ज्याला डोळे मिटून सांगता येतं, त्याचा दोन हेडफोनांचा संग्रहही पुरा आहे. एकच घ्यायचा असेल तर माझं मत एचडी ६०० ला.

आणि लगेच काही विकत घेऊ नका. घरात असेल त्या हेडफोनवर, आवाज बेताचा ठेवून, आज रात्री फक्त तानपुरा ऐका. खर्जातला गंधार सापडेपर्यंत ऐका. खरेदीचा विचार त्यानंतर करा.